घागरीच्या बुडाची शिवण

प्लास्टिकची घागर फुटली तर बुडाला फुटते. पोटाला सहसा काही होत नाही, गळा चेपला तरी पुन्हा सरळ करता येतो. पण बुडावर मधोमध वीतभर लांबीची एक रेघ असते, तिथून ती उसवते. घरात अशी घागर असेल तर उलटी करून पाहा. कारखान्यात आम्ही त्या रेघेला शिवण म्हणायचो. माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं त्या शिवणीकडे बघण्यात गेली, आणि मी जी काही कामाची माणूस झाले ती तिच्यामुळेच.

परभणीत स्टेशनच्या पलीकडे आमचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, त्यात घागरींचं एक मशीन, बादल्यांचं दुसरं, आणि दाराशी पिंपळाखाली ट्रक उभा राहायची जागा. मालक जवळच्या झरी गावचे, घरची मोठी शेती असलेले. त्यांना सगळे अप्पासाहेब म्हणत. त्यांना माल तपासायला शिकलेलं माणूस हवं होतं. पदवी घेतलेली मुलं असल्या कामाला नाक मुरडत होती. मी भीमनगरातली, वडील रेल्वेत गँगमन, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. छप्पन्न साली वडिलांनी धम्म घेतला तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हते, पण पोरीला शिकवायचं हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. मी अर्ज केला आणि अप्पासाहेबांनी मला ठेवून घेतलं. शेडमध्ये मला सगळे शांताबाई म्हणू लागले, तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते.

घागर कशी होते ते आधी सांगते. प्लास्टिकचा पांढरा दाणा मुंबईहून पोत्यांतून येतो. तो मशीनमध्ये तापून वितळतो आणि खाली मऊ, जाड नळी होऊन लोंबू लागतो. लोंबत्या नळीवर दोन बाजूंनी साच्याचे दोन अर्धे भाग येऊन मिटतात. मग नळीत कंप्रेसरनं हवा सोडायची, की ती फुगून साच्याच्या भिंतींना टेकते आणि तिला घागरीचा आकार येतो. थंड झाली की साचा उघडायचा. साचा मिटताना नळीचं खालचं तोंड चिमटलं जातं, आणि ते जिथं एकमेकाला चिकटतं तीच बुडाची शिवण. चिमट्याखाली उरलेलं शेपूट कापून, दळून त्याचा चुरा करायचा आणि थोडा थोडा दाण्यात परत मिसळायचा. सगळीकडे असंच करतात, त्यात लबाडी काही नाही. पण लोकांना चुरा म्हटलं की भंगार वाटायचं.

गिऱ्हाइकांना प्लास्टिकच नवं होतं. चारठाण्याचे एक गृहस्थ थेट कारखान्यावर आले, घागर पालथी घातली, वहाणा काढल्या आणि तिच्यावर उभे राहिले. "माझं वजन झेललं तर पाण्याचं काय घेऊन बसलाव," म्हणाले. आम्ही श्वास धरून उभे. घागर हलली नाही. ते खूश होऊन दोन घेऊन गेले. खरं तर उभ्या माणसाचं वजन घागर झेलतेच. भरलेली घागर हातातून निसटून जमिनीवर आदळली की तिची परीक्षा होते. हे त्यांना सांगावं असं मनात आलं होतं, पण विकल्या मालाची परीक्षा कशी घ्यावी हे गिऱ्हाइकाला कोण शिकवतं?

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आडांनी तळ गाठला, बायका दोन-दोन कोस पाण्याला जाऊ लागल्या. पितळी घागर रिकामी उचलली तरी कंबर धरते, आणि मातीची वाटेत फुटते. हलकी प्लास्टिकची घागर त्या वर्षी लोकांनी पहिल्यांदा मनापासून मागितली. दुष्काळी कामांवर वाटायलाही मागणी आली. मशीन दिवसभर चालू लागलं, आणि त्याच महिन्यात घागरी बुडाला उसवायला लागल्या.

पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं एक बाई आल्या. सोजरबाई त्यांचं नाव. डोक्यावर रिकामी घागर, बुडाला उसवलेली. अप्पासाहेब बाहेर गेले होते, म्हणून मीच पुढे झाले. म्हटलं, "बदलून देते, मावशी."

त्या म्हणाल्या, "घागर तर देशील गं माय. पर सांडलं त्याचं काय? येका घागरीसाठी मी पहाटपासून आडावर बसले व्हते. घराजवळ आल्यावर फुटली. लेकरायनं मातीतून फडक्यानं टिपून घेतलं."

रागाचा सूर नव्हता त्यांचा. जे घडलं ते सांगत होत्या. मी त्यांना नवी घागर दिली. पण ती त्याच मालातली होती, आणि तिचं बूड धरेल की नाही हे मला सांगता येत नव्हतं. त्यानंतर त्या आल्या नाहीत. घागर टिकली म्हणून आल्या नाहीत, की पुन्हा यायचं त्राण उरलं नाही म्हणून, हे मला कधीच कळलं नाही. चांगला माल निघू लागल्यावर मी पिंगळीला जाऊन चौकशी केली, तेव्हा त्या सगळं बिऱ्हाड घेऊन कामाला बाहेरगावी गेल्याचं समजलं. ही चुटपुट आजही आहे.

शेडमध्ये जो तो आपापला चोर पकडून बसला होता. मशीन चालवायचे करीम उस्ताद. आधी जिनिंगमध्ये होते, मशीनच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखणारे. ते म्हणायचे, मुंबईचा दाणाच खराब येतोय. अप्पासाहेबांचा संशय चुऱ्यावर होता, आणि चुऱ्यावर म्हणजे उस्तादांवर. उस्ताद चुरा जास्त घालतात आणि चांगला दाणा बाहेर विकतात, असं कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. तोंडावर काही बोलले नाहीत, पण नांदेडच्या एका मशीनवाल्याला निरोप गेल्याचं सगळ्यांना ठाऊक झालं. उस्तादांनी जेवणाच्या सुट्टीत आमच्यात बसणं सोडलं.

"बाई," ते एकदा मला म्हणाले, "नौकरी जाने का गम नै. लेकिन चोर बोल के भेजे तो इस गाँव में मुँह कैसा दिखाना?"

मी माझ्या परीनं शोधत होतेच. हिटर वाढवून पाहिला, फरक नाही. पुन्हा खाली आणला. साचा जरा हळू मिटवून पाहिला, फरक नाही. पुन्हा पहिल्यासारखा केला. चुरा कमी केला, घागर थंड व्हायला जास्त वेळ दिला. एक गोष्ट बदलायची, बघायची, परत जागेवर आणायची. कॉलेजात प्रयोग असाच करायला शिकवला होता. त्याहून वेगळं काही असतं हे मला माहीत नव्हतं.

अशात एका दुपारी गव्हाणे सर आले. शेतकी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. सायकलच्या कॅरिअरला फुटकी घागर बांधलेली. तेही गिऱ्हाईकच, तक्रार घेऊन आलेले. उंच, काटकुळे, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता जमिनीकडे बघायची सवय. मी घागर बदलून द्यायला लागले तर म्हणाले, "ते राहू द्या. फुटती कशानं, ते सापडलं का?"

मी काय काय करून पाहिलं ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी शेती हाय का?"

"नाही, सर."

"बरं. पण हे तर ठाऊक असंल. जमिनीत ओल नसताना खत घातलं तर पीक येतं का?"

"नाही."

"नुसतं पाणी दिलं, खत न्हाई दिलं, तर?"

"जेमतेम."

"आन् दोन्ही दिलं तर ज्वारी डोक्याएवढी होती. आता समजा एकानं नुसतं खत घालून बघितलं, काही झालं न्हाई, म्हणून खत बंद केलं. मग नुसतं पाणी देऊन बघितलं, काही झालं न्हाई. तो म्हणणार, खतात काही न्हाई अन् पाण्यातबी काही न्हाई. तुमी तेच करायलाव."

दोन महिने मी काय करत होते ते मला एका वाक्यात दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर सुट्टी काढून आले. अप्पासाहेबांच्या टेबलापाशी बसून त्यांनी योजना समजावली. संशयित चार: हिटरची उष्णता, साचा मिटण्याचा वेग, चुऱ्याचं प्रमाण, आणि साच्यात थंड व्हायला दिलेला वेळ. प्रत्येकाच्या दोन पायऱ्या, एक आत्ता चालू आहे ती आणि एक बदललेली. चौघांच्या मिळून सोळा जोडण्या होतात. सोळाही करायच्या, प्रत्येक जोडणीच्या काही घागरी काढायच्या आणि आदळून बघायच्या. कॉलेजच्या शेतात ते बियाणं, खत आणि पाणी यांचे वाफे असेच पाडत.

अप्पासाहेबांचा चेहरा उतरला. "सर, बाहेर लोक घागरीसाठी थांबल्यात, आन् आमी त्या फोडीत बसायचं?"

"आत्ता लोकायच्या घरी फुटायल्यात. त्यापेक्षा इथं फुटू द्या," सर म्हणाले.

अप्पासाहेबांनी समोरची मागणीची वही मिटली आणि ते हो म्हणाले. माझ्या आयुष्यातल्या उपकारकर्त्यांत मी त्यांना धरते ते या एका होकारासाठीही. दुष्काळात, मागणी दाराशी उभी असताना, दोन दिवस मशीन प्रयोगाला देणं सोपं नव्हतं.

खरा वाद पुढे झाला. सरांनी सोळा जोडण्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि ज्या क्रमानं चिठ्ठी निघेल त्याच क्रमानं मशीन चालवायचं असं सांगितलं. करीम उस्ताद भडकले. हिटर एकदा तापवला की गरमच्या सगळ्या जोडण्या उरकून घ्याव्यात, मग थंड करावा, हे कोणालाही पटेल असं होतं. चिठ्ठ्यांनी हिटर सारखा वरखाली होणार आणि प्रत्येक वेळी तो स्थिर व्हायची वाट बघायची.

"ये साब कू मशीन का क्या मालूम," उस्ताद मला म्हणाले. सरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

सर त्यांच्याकडे वळले. "उस्ताद, दुपारून वीज कशी असती?"

"बैठ जाती. कंप्रेसर हाँपता."

"मग सकाळी सगळं गरम अन् दुपारी सगळं थंड केलं, आन् सकाळच्या घागरी चांगल्या निघाल्या, तर ते उष्णतेमुळं का विजेमुळं, हे तुमाला सांगता येईल का?"

उस्तादांनी कंप्रेसरकडे पाहिलं. सर म्हणाले, "आमच्या शेतात येका कडंला काळी जमीन असती, दुसऱ्या कडंला मुरमाड. येकच बियाणं सगळं काळीत पेरलं तर ते जिंकणारच. म्हणून चिठ्ठ्या. कोणाच्या वाट्याला काय येईल, ते आपण ठरवायचं न्हाई."

उस्तादांनी मान हलवली. पटलं म्हणून की कंटाळून, ते कळलं नाही. पण त्यांनी पुढचे दोन दिवस चिठ्ठीबरहुकूम मशीन चालवलं, एकदाही टाळाटाळ केली नाही. दोन दिवसांच्या हवेत फरक पडतो म्हणून सरांनी निम्म्या जोडण्या पहिल्या दिवशी आणि निम्म्या दुसऱ्या दिवशी अशा वाटल्या होत्या, त्याही अशा की दोन्ही दिवसांच्या वाट्याला प्रत्येक पायरी सारखीच यावी, जसे शेताचे दोन तुकडे.

आदळण्याचं काम माझं. लाकडी घोडीला कप्पी बांधली होती. घागर पाण्यानं भरायची, दोरीनं वर घ्यायची, सोडायची. टिकली तर आणखी उंचावरून. पाण्याचा प्रश्न होता. गावात लोक पाण्यासाठी भांडत असताना आम्ही घागरी फोडून पाणी सांडतो म्हटल्यावर लोक शेडवर चालून आले असते. म्हणून घोडीखाली मशीनच्याच पाण्याचा हौद घेतला, फुटलेल्या घागरीचं पाणी त्यात पडे आणि तेच पुन्हा भरून घ्यायचं. दोन दिवस मी नखशिखान्त भिजलेली होते. त्या वर्षी परभणीत इतकी ओली बाई दुसरी नसेल.

दुसऱ्या संध्याकाळी सरांनी खडू घेतला आणि शेडच्या फरशीवर एक मोठा चौकोन काढून त्याचे चार भाग केले. नळी थंड आणि साचा वेगानं, थंड आणि हळू, गरम आणि वेगानं, गरम आणि हळू. प्रत्येक घरात त्या जोडण्यांच्या घागरी सरासरी किती उंचावर फुटल्या ते लिहिलं. पहिली तीन घरं जवळपास सारखी. चौथ्या घरातला आकडा दुपटीच्या आसपास. गरम नळीवर साचा हळू मिटला की शिवणीत आतून माल साचून जाड कड तयार होत होती. नळी गरम पण साचा वेगानं मिटला, तर मऊ माल बाहेर पिळून निघायचा. साचा हळू पण नळी थंड, तर दोन्ही कडा एकजीव व्हायच्याच नाहीत. मी दोन्ही गोष्टी करून पाहिल्या होत्या, पण एकत्र कधीच नाही.

मग आठवलं की मागणी वाढली तेव्हा आम्ही माल पटापट निघावा म्हणून साच्याचा वेग वाढवला होता. आणि मशीन थंड करायचं पाणी कमी पडू लागलं म्हणून हिटर खाली आणला होता. दोन्ही वेळा ते शहाणपणाचंच वाटलं होतं.

"आन् चुरा?" अप्पासाहेबांनी विचारलं.

सरांनी शेजारी दुसरा चौकोन काढला. चुरा कमी असो की आत्ताइतका, आकडे तेच. साच्यात थंड व्हायला दिलेल्या वेळेनंही फरक पडला नव्हता. "चुऱ्याचा यात हात दिसत न्हाई. एवढ्या चुऱ्यानं तुमची घागर फुटत न्हाई."

करीम उस्ताद मशीनपाशी उभे होते, हातातल्या फडक्यानं बोटं पुसत. अप्पासाहेब उठून त्यांच्याजवळ गेले. माफी मागणं त्या घरच्या माणसांच्या वळणात नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "उस्ताद, उद्यापासून हिटर आन् साचा तुमी म्हणताल तसा. नांदेडचं माणूस येत न्हाई."

उस्ताद म्हणाले, "हौ, साब." आणि दुसऱ्या दिवशी आपला डबा घेऊन आमच्यात येऊन बसले.

गरम आणि हळू असा पूर्ण दिवस माल काढला. कप्पीपर्यंत वर नेऊन सोडल्या तरी त्या घागरी उसळून बाजूला पडायच्या, फुटायच्या नाहीत. माल जरा कमी निघत होता, पण परत येणंच बंद झालं. सरांना अप्पासाहेबांनी काही द्यायचं म्हटलं तर ते म्हणाले, "फुटकी घागर बदलून द्या, तेवढ्यासाठीच आलो होतो." ती घेऊन सायकलवर गेले. नंतर मी कितीतरी रविवारी त्यांच्या घरी शिकायला गेले. वाफे कसे पाडायचे, आकडा खरा बोलतो की योगायोगानं, हे सगळं त्यांनी ओसरीवर बसून शिकवलं. त्यांच्या पत्नी मला घरात बोलावून त्यांच्याच माठातलं पाणी द्यायच्या. हे लिहायची गरज का वाटते, ते त्या काळातल्या वाचकांना कळेल.

कारण उलटंही घडत होतं. जिंतूरकडचा एक ठोक व्यापारी शेडमध्ये आला असताना त्यानं मला कप्पीपाशी पाहिलं. माझं आडनाव विचारलं आणि मग अप्पासाहेबांना बाजूला घेऊन म्हणाला, "घागरीत पाणी ह्या बाई भरत्यात व्हय? आमच्या गावात कळलं तर कोण घेईल?" मला ऐकू येत होतं. अप्पासाहेब म्हणाले, "तपासलेल्या घागरी चुऱ्यात जात्यात, त्या विकत न्हाईत. तुमाला माल पाहिजे का न्हाई?" त्यानं माल घेतला. अप्पासाहेबांनी माझी बाजू घेतली असं म्हणवत नाही. व्यापारही सांभाळला आणि मलाही सांभाळलं. तेव्हा मला राग आला होता. आज त्यातला अर्धा भाग आठवला की राग येतो आणि अर्धा आठवला की त्यांच्याबद्दल बरं वाटतं.

त्यानंतर काही महिन्यांनी, दुष्काळ अजून सरला नव्हता तेव्हाची गोष्ट. दुष्काळी कामावर जाणारा घागरींचा ट्रक भरून पिंपळाखाली उभा होता. दोरखंड आवळून झाले होते. त्या दिवशीच्या मालातल्या घागरी मी आदळल्या आणि पहिलीच निम्म्या उंचीवर उसवली. दुसरीही. उस्तादांनी मशीन तपासलं तर हिटरची एक पट्टी जळालेली, बाहेरून कळायचा काही मार्ग नाही.

अप्पासाहेब जीपमध्ये बसत होते. मी धावत गेले आणि सांगितलं, "हा माल जाऊ देऊ नका."

"किती फुटल्या?"

"आदळल्या तेवढ्या सगळ्या."

"ट्रक भरलाय, शांताबाई. सायेब तिकडं वाट बघायल्यात. बाकीच्या चांगल्या असत्याल."

"असतील. पण कुठल्या ते मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही."

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. हमाल आमच्याकडे बघत होते. अप्पासाहेबांनी जीपच्या दारावर हात ठेवला आणि ट्रककडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते म्हणतील, तुमचं काम तपासायचं, पाठवायचं का नाही ते मी बघीन.

त्यांनी ड्रायव्हरला हात केला. "इंजिन बंद कर. खाली घ्या सगळा."

"सगळा?" हमालांचा मुकादम म्हणाला.

"बाई म्हणत्यात ना. सगळा."

अंधार पडेपर्यंत घागरी उतरत होत्या. घरी पोचले तेव्हा आई भाकरी करत होती. विचारलं, "आज उशीर?"

"ट्रक भरला होता, तो उतरवून घेतला. माल बरोबर नव्हता."

"उतरवा म्हनून कुनी सांगितलं?"

"मी."

आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"आन् त्यांनी उतरवला?"

"उतरवला," मी म्हटलं.